ऑफिसमधे ज्युनियर लोकांचा ग्रुप कसा काढायचा, आणि काढल्यावर तो चालू कसा ठेवायचा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमधे कॉलेजातून नवीन बॅच जॉइन होते आणि दिवाळीपर्यंत कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, की ताई तुमच्या ऑफिसात तो ज्युनियर लोकांचा ग्रुप आहे ना, तसा आमच्याकडे काढायचाय, काय काय करावं लागतं सांग ना. मग मी रात्री भांडी घासता घासता दहा-दहा मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवत बसते. यंदा ठरवलं की एकदाच सगळं लिहून टाकायचं.

माझ्याबद्दल थोडक्यात. मूळची बार्शीची, पुण्यात एका मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं झाली, ऑफिस बाणेरला आणि प्लांट चाकणला. आमचा ग्रुप सहा वर्षांपूर्वी सुरू झाला, मधे एकदा माझ्याच चुकीने बंद पडला, परत उभा राहिला. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं तरी ठेच लागून शिकलेलं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते

मोठ्या कंपन्यांत याला एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप म्हणतात, शॉर्टमधे ईआरजी. कर्मचाऱ्यांनी स्वतः चालवायचा, कंपनीने जागा, थोडा वेळ आणि थोडे पैसे द्यायचे. याची सुरुवात म्हणून नेहमी झेरॉक्स कंपनीचं नाव घेतात. १९६४ मधे अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात वर्णद्वेषावरून दंगल झाली, झेरॉक्सचं मुख्य ऑफिस तिथलंच, आणि त्यानंतर कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन आणि तिथले कृष्णवर्णीय कर्मचारी यांच्यात जे बोलणं सुरू झालं त्यातून १९७० मधे त्या कर्मचाऱ्यांचा स्वतःचा गट उभा राहिला. नंतर महिलांचे, अपंग कर्मचाऱ्यांचे, नव्याने नोकरीला लागलेल्यांचे असे गट निघत गेले. आपण बोलतोय ते हे शेवटचे.

आपल्याकडे कारखान्यात वाढलेल्या लोकांना हे फार परकं वाटायचं कारण नाही. जपानमधून आलेली क्वालिटी सर्कल भारतात १९८० मधे हैदराबादच्या बीएचईएल (भेल) या सरकारी कंपनीत सुरू झाली आणि नंतर पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या जुन्या प्लांटमधे तर ती घरोघरच्या गणपतीसारखी झाली, पाच-सात कामगार एका टेबलाभोवती बसून आपल्याच लाइनवरची अडचण सोडवतात आणि मग साहेबांसमोर प्रेझेंटेशन देतात. माझे पहिले सुपरवायझर म्हणायचे की मी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला तो क्वालिटी सर्कलमधे. मला वाटतं अख्ख्या विषयाचं सार त्यात आहे. ज्युनियर माणसाला त्याच्या रोजच्या कामात जी गोष्ट करायला अजून चार-पाच वर्षं मिळणार नाही ती इथे आज करायला मिळाली पाहिजे. पैसे सांभाळणं, मोठ्या माणसाला फोन करणं, मीटिंग वेळेत संपवणं, कुणाला तरी नाही म्हणणं. वक्ते बोलावून टाळ्या वाजवायच्या असतील तर त्यासाठी ट्रेनिंग डिपार्टमेंट आहेच की.

आणि हा ग्रुप म्हणजे युनियन नव्हे, हे पहिल्या दिवशी स्वतःलाही सांगा आणि इतरांनाही. पगारवाढ, कामाचे तास, कुणाला काढलं तर काय, हे विषय युनियनचे, त्याला वेगळा कायदा आहे (आधी १९२६ चा ट्रेड युनियन ॲक्ट होता, नोव्हेंबर २०२५ पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड), ज्यांना तो रस्ता घ्यायचाय त्यांना तो हक्क आहेच आणि तो ग्रुपच्या नावाखाली घेऊ नये, दोन्हीचं नुकसान होतं. तसंच ही फन कमिटीही नाही. रांगोळी स्पर्धा आणि सिक्रेट सँटा तुमच्या गळ्यात मारायचा प्रयत्न एचआरकडून नक्की होणार आहे, तेव्हा हसून विषय बदला.

पायरी १ : आधी विचारा, मग काढा

मी केलेली चूक अशी, की आधी नाव ठरवलं, मग लोगो केला (लोगो! एका रविवारी पाच तास बसून), मग लोकांना बोलावलं. पहिल्या कार्यक्रमाला ६० जण आले कारण केक होता. दुसऱ्याला ११. तिसऱ्याला आम्ही आयोजकच.

त्यापेक्षा दोन आठवडे चहाच्या वेळी पंधरा-वीस जणांना गाठा, प्रत्येक डिपार्टमेंटमधले घ्या, आणि एकच विचारा, की जॉइन झाल्यापासून असं काय होतं जे विचारायला लाज वाटली? वही नाहीतर मोबाइलमधे जसंच्या तसं उतरवून घ्या. सर्व्हे फॉर्म पाठवू नका, फॉर्मवर सगळे 'लीडरशिप स्किल्स' आणि 'टाइम मॅनेजमेंट' लिहितात, कारण तसं लिहायचं असतं हे कॉलेजातच शिकवलेलं असतं. टपरीवर खरं बाहेर येतं. आम्हाला जी उत्तरं मिळाली त्यातली काही, आठवतात तशी :

"क्लायंट कॉलवर मी म्यूटवर असताना बरोबर उत्तर देतो."

"फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स जास्त का कापला ते कुणाला विचारू."

"बॉसला नावाने हाक मारायची म्हणे, माझ्या तोंडून निघतच नाही, मग मी हाकच मारत नाही, जाऊन उभी राहते त्यांच्या टेबलापाशी."

"सेल्फ अप्रेझलमधे काय लिहायचं असतं? मी लिहिलं, सगळी कामं केली."

ही यादी म्हणजे तुमचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम. वेगळा शोधायची गरज नाही.

पायरी २ : सात जण, आणि ते तुमचे मित्र नकोत

मित्र घेऊन सुरू केलं की ते जेवणाचं टोळकं होतं आणि बाहेरच्याला आत यायला संकोच वाटतो. पाच ते सात जण पुरेत. त्यात एक प्लांटवरचा किंवा शिफ्टमधला हवाच हवा, नाहीतर सगळे कार्यक्रम ऑफिसवाल्यांच्या सोयीने ठरतात आणि चाकणवाल्यांना फक्त फोटो बघायला मिळतात. एक अकाउंट्स किंवा परचेसमधला हवा, कारण बिल पास कसं करायचं ते त्यालाच कळतं. एक डिप्लोमावाला हवा. एक मराठी न येणारा हवा. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय, पुण्यात आपण पाच जण जमलो की आपोआप मराठीवर उतरतो, आणि कोपऱ्यात बसलेला तमिळ किंवा उडिया मुलगा मोबाइल काढतो. आमच्याकडे नियम साधा आहे, एकाला जरी कळत नसेल तर हिंदी-इंग्रजी, आणि आपल्याला इंग्रजीत अडलं तर मराठीत बोलायचं, शेजारचा सांगेल समजावून.

कॉन्ट्रॅक्टवरची आणि अप्रेंटिस मुलं ग्रुपमधे घेता येतात का, हे एचआरला आधीच लेखी विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत, पण मुलगा दारात आल्यावर 'तू नाही' म्हणण्याची वेळ येऊ नये. ती आमच्यावर आलीय. चेहरा अजून डोळ्यासमोर आहे त्या पोराचा.

कामं वाटताना गणपती मंडळ आठवा, ज्यांनी मंडळात काम केलंय त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. अध्यक्ष कोण याला फार महत्त्व नसतं, खजिनदार आणि हिशोबाची वही महत्त्वाची. आणि मांडव घालायला जो पहाटे येतो तोच खरा कार्यकर्ता, तो कोण आहे ते दोन महिन्यांत कळतं.

पायरी ३ : वरचा एक माणूस

याला स्पॉन्सर म्हणतात. त्याच्याशिवाय ग्रुप चालतो, पण पहिला मॅनेजर 'कामाच्या वेळेत हे काय चाललंय' म्हणाला की संपतो. स्पॉन्सर तुमचा स्वतःचा बॉस नको, एचआरचाही नको. शक्यतो डिलिव्हरी, प्लांट किंवा फायनान्समधला कुणीतरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे आणि जो स्वतः छोट्या गावातून वर आलाय, अशांना हे लगेच कळतं, फार समजावावं लागत नाही.

विचारायचं कसं? लांबलचक मेल नको. आम्ही जे पाठवलं ते साधारण असं होतं : 'आम्ही सात जण आहोत, जॉइन होऊन तीन वर्षांच्या आतले. नवीन लोकांसाठी महिन्यातून एक तास काही करायचं ठरवतोय. तुमच्याकडून तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास हवाय आणि कुणी मॅनेजर अडून बसला तर एक फोन. पैसे मागत नाही. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं भेटू का?' तीन तासांत उत्तर आलं. ते 'पैसे मागत नाही' फार कामी येतं असा माझा अनुभव आहे, पैसे नंतर आपोआप येतात.

पायरी ४ : एक पानी कागद

एचआरला आणि स्पॉन्सरला द्यायचा, एकच पान, पाठपोट नाही. ग्रुप कुणासाठी (आम्ही 'जॉइन होऊन चार वर्षांपर्यंत' असं धरलं, वय नाही धरलं, कारण आमच्याकडे ३४ व्या वर्षी करिअर बदलून आलेली एक बाई होती आणि तिला सगळ्यात जास्त गरज होती), महिन्यातून कधी, किती वेळ, कोण काय बघणार, काय करणार नाही, आणि खर्च.

खर्चाचं थोडं सविस्तर सांगते कारण इथे लोक गोंधळतात. कुणीतरी हुशार माणूस तुम्हाला सांगणार की सीएसआरमधून घ्या पैसे. तसं होत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, पण स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. तुमचा पैसा येतो ट्रेनिंगच्या बजेटमधून, नाहीतर कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी असतं त्या, म्हणजे एंगेजमेंटच्या. मागायचे किती? पहिल्या वर्षी चहा आणि वडापाव एवढेच. पंचवीस जण, माणशी ४० रुपये, महिन्याला १,०००, वर्षाला १२,०००. एवढी रक्कम बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्याच सहीने सुटते, वर जावं लागत नाही. आणि ती सांभाळायला सगळ्यात ज्युनियर माणसाला द्या. बिल घेणं, जीएसटी नंबर बरोबर आहे का बघणं, टपरीवाला बिल देत नाही तेव्हा काय करायचं, हे सगळं त्याला १२,००० रुपयांत शिकता येतं, उद्या १२ लाखांची परचेस ऑर्डर हातात आली तर हात थरथरणार नाही.

पायरी ५ : वार आणि वेळ

यावर मी निबंध लिहू शकते. शुक्रवार नको, निम्मे घरून काम करतात आणि उरलेले बॅग घेऊनच आलेले असतात, स्वारगेट नाहीतर शिवाजीनगरहून गावाला. सोमवार नको, मीटिंगा. लंच टाइममधे तर अजिबात नको, पोटात आग असताना 'कम्युनिकेशन स्किल्स' कुणाला ऐकायच्यात. आणि सहानंतर ठेवलं तर कंपनीची बस चुकते, मग मुली येत नाहीत आणि हिंजवडी-वाकडच्या ट्रॅफिकची धास्ती असलेले मुलगेही येत नाहीत. आम्ही महिन्याचा दुसरा बुधवार, सव्वाचार ते सव्वापाच ठरवलं. सव्वापाच म्हणजे सव्वापाच, वक्ता बोलत असला तरी. एकदा वेळेत सोडता हे कळलं की मॅनेजरही सोडतात.

मार्चमधे काही ठेवू नका, इयर एंडिंग असतं. गणपतीच्या दहा दिवसांत ठेवू नका. प्लांटसाठी वेगळी वेळ लागते, पहिली शिफ्ट सुटते तेव्हा, आणि तिथे तुम्ही जा, त्यांना बाणेरला बोलावू नका.

पायरी ६ : एका तासात करायचं काय

पहिला विषय डोळे झाकून पगाराची स्लिप घ्या. मी गॅरंटी देते, खुर्च्या कमी पडतील.

आम्ही फायनान्समधल्या एका काकांना पकडलं, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी खोटं नाव घालून एक स्लिप बनवली आणि पडद्यावर लावली. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार यात एवढी दरी का. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, बेसिकच्या ४.८१ टक्के सीटीसीत दाखवलेत, पण ते महिन्याला कुठेच दिसत नाहीत, मग जातात कुठे. पीएफचे १२ टक्के तुमचे आणि कंपनीचेही १२, आणि कंपनीचे ते बहुतेक ठिकाणी तुमच्याच सीटीसीत धरलेले. नोकरी बदलताना पीएफ काढून मोबाइल घेऊ नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा, पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलेत तर त्यावर टॅक्स लागतो. (या वाक्याला मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजा.) फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, पंधरा जूनपर्यंत हातात आला पाहिजे. आणि फेब्रुवारीचं कोडं : महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, कारण वर्षाची कमाल मर्यादा २,५०० आहे, अकरा महिन्यांचे २,२०० झाले की उरलेले ३०० एका महिन्यात घेतात. महिना पगार २५,००० पर्यंत असलेल्या महिलांना तो माफ आहे. काका हे सांगून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, पस्तीस वर्षं या टेबलावर बसतोय, हे मला विचारायला कुणी आलं नव्हतं.

तो तास ठेवायचा कधी? जानेवारीच्या आत. टॅक्स वाचवण्यासाठीच्या इन्व्हेस्टमेंटची प्रूफं मागायला सुरुवात झाली की लोक घाबरून कुठल्याही पॉलिसीवर सही करतात. म्हणूनच कुठल्याही बँकेच्या किंवा विम्याच्या माणसाला या सेशनला बोलवायचं नाही, फुकट पिझ्झा देतो म्हणाला तरी.

दुसरा विषय सेल्फ अप्रेझल, म्हणजे आपल्या वर्षभराच्या कामाबद्दल आपणच फॉर्ममधे लिहायचं ते. फॉर्म भरायच्या महिनाभर आधी. 'सगळी कामं केली' याचं रूपांतर 'रिजेक्शनचा हिशोब एक्सेलमधे आणला, रोजची ४० मिनिटं वाचली' असं कसं करायचं, एवढंच. प्रत्येकाने आपली तीन वाक्यं लिहायची, शेजाऱ्याने लाल पेनने विचारायचं : किती? कधी? कुणाला फायदा? नाटक करून दाखवायलाही मजा येते, आमच्याकडे एकाने बॉसची भूमिका इतकी हुबेहूब केली की खरा बॉस काचेबाहेरून बघत होता ते त्याला कळलंच नाही.

तिसरा प्रकार बोलायची प्रॅक्टिस, आणि ही एकदा करून भागत नाही, दर महिन्याच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं यालाच. पद्धत आम्ही टोस्टमास्टर्सकडून उचलली. भाषणाची प्रॅक्टिस करून घेणारी ही संस्था १९२४ पासून आहे, कॅलिफोर्नियात सुरू झाली, पुण्यातही तिचे बरेच क्लब आहेत, काही तर कंपन्यांच्या आतच. त्यांच्यात टेबल टॉपिक्स म्हणून भाग असतो, चिठ्ठीतला विषय घ्यायचा आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, एक मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. आणि एक जण फक्त 'अं-अं' मोजायला बसलेला असतो. आम्ही त्यात 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' पण मोजतो. माझा स्वतःचा रेकॉर्ड दोन मिनिटांत चौदा बेसिकली. विषय इंग्रजी कादंबरीतले नकोत, कामातले घ्या, 'मटेरियल उद्या येणार नाही हे क्लायंटला सांगा', 'तुमची चूक तुम्हीच मेलवर कबूल करा'. म्यूटवर बरोबर उत्तर देणारा तो मुलगा पहिले चार महिने फक्त कार्ड दाखवायला बसला. पाचव्या महिन्यात चिठ्ठी उचलली. घाई केली नाही कुणी, बरं झालं.

चौथं, दुसऱ्याच्या टेबलावर अर्धा दिवस. परचेसवाल्याने प्लांटवर जायचं, डिझाइनवाल्याने इन्स्पेक्शनमधे उभं राहायचं. याला पैसे लागत नाहीत, फक्त दोन मॅनेजरच्या परवानग्या. ज्यांना तांत्रिक शिकायचंय त्यांच्यासाठी एनपीटीईएलचे आयआयटीवाले ऑनलाइन कोर्स फुकट बघता येतात, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते, चार-पाच जणांनी मिळून एकच कोर्स घेतला तर पूर्ण होतो, एकट्याने घेतला की तिसऱ्या आठवड्यात सुटतो, माझे दोन असेच सुटलेत.

मेंटॉरच्या जोड्या लावताना

हे पहिल्या सहा महिन्यांत करू नका. ग्रुप जरा रुळू द्या, मग आठ-दहा जोड्याच लावा. मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शन करणारा सीनियर, त्या ज्युनियरच्या रिपोर्टिंग लाइनमधला (बॉस किंवा बॉसचा बॉस) नको, नाहीतर तो पडद्याआडचा अप्रेझल होतो. भेटी सहा, महिन्याला एक, पाऊण तास, आणि सहा झाल्या की जोडी संपली असं आधीच सांगा, कारण 'कायमचं मार्गदर्शन' म्हटलं की मोठी माणसं बिचकतात आणि छोट्यांना थांबवता येत नाही. भेटायच्या आदल्या दिवशी ज्युनियरने एक प्रश्न लिहून पाठवायचा. प्रश्न नाही तर भेट नाही. हा एक नियम नसता तर आमच्या निम्म्या भेटी 'काय मग, कसं चाललंय' वर संपल्या असत्या.

भेटायचं कँटीनमधे किंवा काचेच्या रूममधे, ऑफिसच्या वेळेत. बाहेर जेवायला, गाडीत, रात्री फोनवर, हे नको, कुणाच्याच सोयीचं नाही. आणि कुणी छळाची, घाणेरड्या बोलण्याची गोष्ट सांगितली तर ग्रुपने ती आपापसात मिटवायला जायचं नाही, अजिबात नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते, महिलेची तक्रार असेल तर तिथे कसं जायचं ते सांगा, ती म्हणाली तर सोबत जा, आणि तिच्या परवानगीशिवाय कुणाजवळ बोलू नका. समितीतल्या लोकांची नावं ग्रुपच्या सातही जणांना पाठ पाहिजेत.

एक प्रसंग सांगते, मग पुढे

दुसऱ्या वर्षी लातूरची एक मुलगी आली, परचेसमधे, आठ महिने झाले होते. तिला आम्ही वक्त्यांचं काम दिलं होतं. त्या महिन्यात आमचा स्पॉन्सरच बोलणार होता आणि दोन दिवस आधी रूम गेली, ऑडिटवाल्यांनी घेतली. कुणीतरी साहेबांना कळवायला हवं होतं की तारीख बदलतेय. ती माझ्याकडे आली, ताई तुम्ही करा ना फोन. मी नाही म्हटलं, आणि खरं सांगते मला जड गेलं ते, कारण मला दोन मिनिटांचं काम होतं.

ती समोरच्या खुर्चीत बसली. मोबाइलवर टाइप केलं, रिस्पेक्टेड सर. खोडलं. डिअर सर. खोडलं. सर, सॉरी टू डिस्टर्ब. परत खोडलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग एकदम उठली, खिडकीपाशी गेली आणि फोनच लावला. मला फक्त तिचं ऐकू येत होतं : "सर नमस्कार, मी... हो. रूम मिळत नाहीये बुधवारी. तुम्हाला पुढचा बुधवार चालेल का? ... हो का? ... चालेल चालेल." परत आली तर चेहरा लालबुंद. म्हणाली, ते म्हणाले बरं झालं, मलाच त्या दिवशी चाकणला जायचंय, कसं सांगू म्हणत होतो.

पुढे दोन महिन्यांनी मी तिला एका वेंडरशी बोलताना ऐकलं, "नाही हो, २० तारीख नाही चालणार, १२ ला द्या नाहीतर आत्ताच सांगा." ग्रुपमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तिच्या बॉसनेही शिकवलं असेल. पण तो पहिला फोन मी केला नाही याचं मला अजून बरं वाटतं.

पायरी ७ : वही

दर कार्यक्रमानंतर तीनच आकडे लिहा. किती आले, त्यातले किती दुसऱ्यांदा आले, आणि आतापर्यंत किती वेगवेगळ्या लोकांनी काहीतरी चालवलं, म्हणजे सूत्रसंचालन, हिशोब, वक्ता आणणं, काहीही. पहिला आकडा केकने वाढतो, त्याच्यावर खूश होऊ नका. तिसरा सावकाश वाढतो आणि तोच स्पॉन्सरला दाखवायचा. वर्षाच्या शेवटी एचआर विचारतं 'इम्पॅक्ट काय', तेव्हा हे आणि दोन-तीन लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी. 'नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण आमच्यामुळे कमी झालं' असले दावे करू नका, कुणी उलटतपासणी घेतली तर तोंड लपवावं लागेल.

मिनिट्स त्याच दिवशी पाठवा, पाच ओळी बास. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर फक्त ॲडमिनने लिहायचा काढा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली रूम नंबर सापडत नाही.

कुठे कुठे गाडी अडते

मॅनेजर सोडत नाही. हे होणारच. त्याच्याशी वाद घालू नका, त्यालाच पुढच्या महिन्यात बोलायला बोलवा, 'मी पहिल्या वर्षात केलेली सगळ्यात महागडी चूक' या विषयावर. आमच्याकडचा सगळ्यात कडक मॅनेजर या विषयावर पन्नास मिनिटं बोलला, त्यानंतर त्याची टीम दर महिन्याला सव्वाचारला हजर.

पगाराची तुलना सुरू होते. स्लिपच्या सेशननंतर तर नक्की. दोन मित्र आपापसात काय बोलतात ते त्यांचं, पण ग्रुपच्या मंचावर कुणाचा आकडा नको.

तक्रारींचा ढीग. कँटीनची चपाती, एसी, बसचा थांबा. हे ऐकून घ्या, ज्याचं काम त्याच्या नावाने एक मेल टाका, आणि पुढे चला. दोनदा बैठक चपातीवर गेली तर तिसऱ्यांदा लोक येत नाहीत, चपाती तशीच राहते.

आणि सगळ्यात मोठा अडथळा, म्हणजे आपण स्वतः. मी दोन वर्षं ग्रुप माझ्या मुठीत ठेवला. मुद्दाम नाही, पण वक्त्यांचे नंबर माझ्या मोबाइलमधे, हिशोब माझ्या लॅपटॉपवर, रूम माझ्या नावावर. मग मला चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं आणि परत येईपर्यंत ग्रुप झोपला होता, कुणाचीच चूक नव्हती, कुणालाच काही सापडत नव्हतं. तेव्हापासून नियम, कुठलंही पद एक वर्ष, आणि शेवटचे दोन महिने नव्या माणसाने करायचं, जुन्याने शेजारी बसायचं. गप्प. हे 'गप्प' जमायला मला दोन टर्म लागल्या. कंपनीत तुमची चार वर्षं झाली की तुम्ही सभासद नाही, तुम्ही आता मेंटॉर नाहीतर वक्ते. मलाही काढलं असंच, व्यवस्थित निरोप समारंभ करून, वडापाव माझ्याच खर्चाने.

सगळे कागद एका शेअर्ड फोल्डरमधे, ते कुणाच्या वैयक्तिक नावावर नको, ग्रुपचा मेल आयडी एचआरकडून बनवून घ्या, आयटीवाले आधी नाही म्हणतात, स्पॉन्सरने सांगितलं की अर्ध्या तासात होतं. आणि रूमचं बुकिंग बघा. रिपीट मीटिंग लावली की आपण विसरून जातो, पण आमच्या सिस्टिममधे ती ३१ डिसेंबरला संपते, आणि जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी पंचवीस माणसं वडापाव घेऊन दारात उभी आणि आत सेल्सवाले बसलेले, हे आमचं दोन वर्षं झालंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नवीन वर्षाचं लावून टाका.